पहिल्या पाळीसाठी पहाटे उठता? झोप उडण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याजवळ भोसरीत राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. १९ वर्षं झाली. त्यातली १३ वर्षं दर आठवड्याला पाळी फिरायची, गेली ६ वर्षं कायम पहिली. पाळी साडेसहाची, कंपनीची बस पाच-चाळीसला स्टॉपवर, म्हणून गजर साडेचारचा. दरवर्षी आयटीआयमधून नवी पोरं येतात, पहिला आठवडा माझ्या शेजारी बसून पेंगतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर बरंच वाचलंय, आणि बाकीचं स्वतःच्या अंगावर काढलंय.

गजर वाजला की उठतो, पण अर्धा तास डोकं चालतच नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?

नाही. सगळ्यांचं असंच असतं. याला डॉक्टर ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात, आपण झापड म्हणू. माणूस उभा राहतो, चालतो, बोलतोसुद्धा, पण मेंदूचा विचार करणारा भाग मागून येत असतो. साधारण १५ ते ३० मिनिटं हे चालतं. झोप अपुरी असेल किंवा गाढ झोपेतून उठवलं गेलं असेल, तर तासभरही लागतो.

मी एकदा उजव्या पायात सेफ्टी शूज आणि डाव्या पायात मुलाचा शाळेचा बूट घालून स्टॉपवर गेलो होतो. दोन्ही काळे. डाव्या पायाची बोटं आवळली जातायत हे कळत होतं, पण का, ते बसमध्ये बसेपर्यंत सुचलं नाही.

त्या दिवसापासून एक नियम केला: पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात डोक्याला काही विचारायचंच नाही. कपडे, बूट, ओळखपत्र, किल्ली, चष्मा, बसचा पास हे सगळं रात्रीच दाराजवळच्या एका खुर्चीवर. पहाटे फक्त हात चालले पाहिजेत. आणि त्या अर्ध्या तासात स्वतःबद्दल काही ठरवायचं नाही. ‘ही नोकरीच सोडतो’ असं मला साडेचारला शेकडो वेळा वाटलंय. सव्वापाचला ते आठवतही नाही.

पण साखरझोपेतच गजर का वाजतो?

कारण आपण गजर तिथेच लावतो! आपल्या शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास ते सगळ्यात खाली जातं आणि तिथून हळूहळू चढायला लागतं. समजा शाळा-कॉलेजात असल्यापासून तुम्हाला साडेसहाला उठायची सवय आहे. आता साडेचारला उठायला लागलात, तर बरोबर त्या खड्ड्याच्या तळातून बाहेर यायचंय. शरीराच्या हिशोबाने ती मध्यरात्रच.

हे घड्याळ सरकतं, पण दमाने. दिवसाला फार तर तासभर, तेही रोज त्याच वेळी उठलात आणि उजेड मिळाला तर. नव्या पोरांना मी सांगतो, दोन आठवडे कळ काढा. ज्यांची पाळी दर आठवड्याला फिरते त्यांना हे सांगायला मला तोंड नाही. घड्याळ जरा कुठे रुळतं, तोवर शनिवार येतो आणि पाळी बदलते. १३ वर्षांत मला सवय झाली ती फक्त सवय न होण्याची. तुमच्याकडे पाळी फिरवतच असतील, तर पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी असा क्रम मागून घ्या. झोप पुढे ढकलणं शरीराला जमतं, मागे ओढणं जड जातं.

मग झोपायचं किती वाजता?

सज्ञान माणसाला किमान ७ तास झोप लागते. साडेचारमधून ७ गेले की साडेनऊ उरतात, आणि साडेनऊला झोप लागलेली हवी, अंथरुणावर पडून मोबाईल बघत नव्हे. म्हणजे जेवण आठच्या आत. हे वाचून तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. घरात कुणाची मालिका चालू, कुणाचा अभ्यास, कुणी नऊला कामावरून येणार. गणपती-नवरात्रात तर बोलायलाच नको.

‘मला पाचच तास पुरतात’ म्हणणारे प्रत्येक लाइनवर दोन-तीन असतात. अमेरिकेत २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही लोकांना सलग १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं. शेवटी त्यांच्या चुका इतक्या वाढल्या की जणू ते पूर्ण रात्र जागून आलेत. गंमत अशी की त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणत होते, थोडीशी झोप येते, बाकी ठीक. क्वालिटीत बसून मला हे रोज दिसतं. व्हर्नियरचं (बारीक मापं घ्यायच्या उपकरणाचं) रीडिंग चुकीचं लिहिणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटत नसतं.

रात्री ७ तास बसतच नसतील तर उरलेले दुपारी भरून काढा. साडेतीनला घरी आलात तर लगेच २०-२५ मिनिटं आडवं व्हा. सहा वाजता झोपलात तर रात्रीची वाट लागली.

उठल्यावर पहिली गोष्ट काय करायची?

दिवा लावायचा. पाणी, चहा, देव, मोबाईल सगळं त्यानंतर.

या यादीतली एकच गोष्ट तुम्ही करणार असाल तर ही करा, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं काम चित्र बघणं नाही, फक्त उजेड किती आहे ते मोजणं. त्या मेंदूतल्या घड्याळाला थेट निरोप देतात. घड्याळ म्हणजे जेमतेम वीसेक हजार पेशींचा एक पुंजका, पण सगळ्या शरीराची वेळ तो सांभाळतो. डोळ्यांत भरपूर उजेड गेला की तो समजतो, दिवस सुरू झाला. मग रात्रीचं मेलाटोनिन (अंधारात तयार होणारं झोपेचं संप्रेरक) बंद करा, असा हुकूम तो सोडतो. शून्याचा बल्ब लावून अंघोळीला गेलात तर त्याला काहीच कळत नाही.

आता अडचण अशी की घरातला उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो. उजेड लक्स या मापात मोजतात. ट्यूबलाइटच्या खोलीत १०० ते ३०० लक्स असतात. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा हजारांत मोजावे लागतात, आणि स्वच्छ उन्हात लाखापर्यंत जातात. डोळा जुळवून घेतो म्हणून फरक जाणवत नाही. पण साडेचारला बाहेर ऊन कुठून आणणार? पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. (आमचा नागपूरचा भाचा यावर ऐट मारतो. घड्याळ सगळ्या महाराष्ट्राला एकच, पण तिकडे सूर्य मुंबईपेक्षा २५ मिनिटं आधी.)

मी करतो ते असं. स्वयंपाकघरातली ट्यूब लावतो आणि पहिली दहा मिनिटं तिच्या खालीच काढतो. बसमध्ये पूर्वेच्या खिडकीला बसतो. आणि नऊच्या चहाला कप घेऊन शेडच्या बाहेर येतो, पार्किंगच्या कडेला उभा राहतो. बाकीचे आत पंख्याखाली बसतात आणि मला विचारतात, काय सिगारेट-बिगारेट सुरू केली का. त्या दहा मिनिटांनी दिवसाचा उरलेला भाग तर सरळ होतोच, रात्री झोपही वेळेवर येते.

वन रूम किचन असेल आणि पोरं तिथेच झोपली असतील, तर आतला दिवा लावू नका. ओट्यावरचा दिवा पुरतो, तोंड त्याच्याकडे करून उभं राहायचं.

स्नूझ करून पाच-पाच मिनिटं झोपणं वाईट असतं ना?

इतकंही नाही. स्वीडनमध्ये २०२३ मध्ये यावर प्रयोग झाला, त्यात अर्ध्या तासाच्या स्नूझने काही बिघडलं नाही. नेहमी स्नूझ करणाऱ्यांना उलट उठल्यावर जरा बरंच गेलं. फक्त घरात तुम्ही एकटे नसता. सहा गजर लावून सहाव्याला उठणाऱ्याबरोबर बाकीचे पाच गजर बायको ऐकते. माझा फोन टीव्हीवर असतो, बंद करायला चार पावलं चालावं लागतं. तेवढंच.

चहा घेतल्याशिवाय डोळेच उघडत नाहीत. रिकाम्या पोटी चहा वाईट म्हणतात, ते खरं का?

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, आणि ते जितकं साचेल तितकी झोप येते. चहातलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. म्हणजे चहा झोप भागवत नाही, झोप आल्याचा निरोप थांबवतो. कॅफीन उतरलं की निरोप पोचतोच, व्याजासकट. नऊ-साडेनऊला जे अंग गळून जातं त्यातलं बरंचसं हेच.

हे अंगात भिनायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे पहिल्या घोटालाच डोळे उघडतात ते कॅफीनने नव्हे. गरम कप, वास, साखर आणि सवय यांनी. मला त्यात काही गैर वाटत नाही. सवय हेही औषधच आहे.

सध्या रीलमध्ये सांगतात की उठल्यावर दीड तास चहा-कॉफी घेऊ नका. याला म्हणावा तसा भक्कम आधार नाही. साडेचारला उठणाऱ्याने सहापर्यंत थांबायचं म्हणजे चहा बसमध्ये प्यायचा का? पाचला प्या, पाच-चाळीसला बसमध्ये चढताना तो काम करायला लागलेला असेल.

रिकाम्या पोटी घेतल्यावर जळजळत असेल तर आधी एखादं बिस्कीट किंवा अर्धी शिळी पोळी खा. जळजळत नसेल तर उगाच भीती बाळगू नका. माझ्या मते खरा प्रश्न साखरेचा आहे. घरी एक, स्टॉपवर एक, कॅन्टीनला दोन, घरी आल्यावर एक, पाहुणा आला की एक. कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची मर्यादाच साधारण ५० ग्रॅम सांगते, आणि २५ च्या आत ठेवाल तर उत्तम म्हणते. मी आधी दोनाचा दीड चमचा केला, मग एक. तीन महिने लागले. आता स्टॉपवरचा चहा मला पाक वाटतो.

दुसरी गोष्ट, जेवणाला लागून चहा नको. चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं; मधे तासभर जाऊ द्या. बायकांनी तर नक्कीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. त्या थकव्यावर चहाचा उतारा म्हणजे गळक्या बादलीला रंग देणं.

शेवटचा चहा दुपारी दोनला. कॅफीन निम्मं व्हायलाच सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा चहा रात्री बारालाही निम्मा रक्तात असतो, आणि तुम्ही म्हणता झोप का लागत नाही.

एनर्जी ड्रिंक?

तेच कॅफीन, साखर जास्त, पैसे पाचपट.

घरी आजी मिश्री लावते, गावाकडे सगळेच लावायचे. लगेच तरतरी येते म्हणतात.

येते, कारण ती तंबाखू आहे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती हिरड्यांवर घासली की निकोटीन रक्तात जातं आणि माणूस ताडकन जागा होतो. सकाळी सकाळी चुना लावून तंबाखू मळणाऱ्यांचंही तेच. पण त्या तरतरीतला मोठा वाटा फसवा असतो. रात्रभर निकोटीन मिळालेलं नसतं म्हणून सकाळी डोकं जड होतं, हातपाय गळतात, आणि चिमूट लावली की ते जातं. म्हणजे दुखणंही तिनेच दिलेलं आणि उतारही तिनेच. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको.

आजीला सत्तरीत सोडायला लावणं अवघड आहे, तरी तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं असलं काही दिसलं तर दवाखान्यात न्या. आणि घरातल्या लहान मुलीला ‘दात दुखतोय, लाव थोडी’ असं कुणी म्हणत असेल तर तिथे मात्र भांडा. बहुतेकींची सुरुवात तशीच होते.

अंघोळ गार पाण्याने करावी की गरम?

तुम्हाला सोसेल त्याने. गार पाण्याचा तांब्या अंगावर पडला की श्वास वर जातो, छाती धडधडते, झोप उडते हे खरं. पण ते काही मिनिटांचं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी थंडीत एकदम डोक्यावर गार पाणी ओतू नये. मी अंघोळ कोमट पाण्याने करतो आणि शेवटी तोंडावर, मानेवर, मनगटांवर गार पाणी मारतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी पहाटेही कोमटच असतं, तेव्हा प्रश्नच मिटतो.

तांब्याच्या भांड्यातलं चार ग्लास पाणी?

रात्रभरात घाम आणि श्वासातून पाणी जातं, त्यामुळे उठल्यावर एक ग्लास पाणी पिणं चांगलंच. तहान असेल तर दोन. चार ग्लास जबरदस्तीने ढोसून बसमध्ये चढलात तर पाऊण तास काय होतं ते मी भोगलंय. भांडं तांब्याचं असो नाहीतर स्टीलचं, झोप उडण्याशी त्याचा संबंध नाही.

व्यायाम पहाटेच करायचा का?

साडेचारला उठणाऱ्याने त्यासाठी साडेतीनला उठू नये. झोप कापून केलेला व्यायाम परवडत नाही, संध्याकाळी करा. पहाटे हातपाय हलवायचे ते झापड जाण्यापुरते. दोन मजले उतरून स्टॉपपर्यंत दहा मिनिटं झपझप चालणं त्याला पुरतं.

एक सांभाळा. रात्रभर आडवं राहिल्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या सकाळी पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्याउठल्या कमरेत वाकून पाण्याने भरलेली बादली उचलली की कंबर धरते ती यामुळे. सूर्यनमस्कारसुद्धा उठून अर्धा-पाऊण तास झाल्यावर घाला, आधी चाला-फिरा.

ब्राह्म मुहूर्तावर उठलं की आपोआप उत्साह येतो म्हणतात. मला का येत नाही?

आधी मुहूर्त कधी असतो ते बघू. तो घड्याळाच्या चारला नसतो, सूर्योदयावरून मोजतात. मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे पुण्यात जूनमध्ये साधारण चार-वीस ते पाच-दहा, पण जानेवारीत साडेपाच ते सव्वासहा. जानेवारीत चारला उठून ‘ब्राह्म मुहूर्त साधला’ म्हणणारा दीड तास आधीच उठलेला असतो.

दुसरं, वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या दिनचर्येची सुरुवात या उठण्याने होते हे सगळे सांगतात, पण त्यात उठणारा ‘स्वस्थ’ म्हटलाय, आणि त्यांच्याच नावावरच्या अष्टांगसंग्रहात रात्रीचं जेवण पचलंय की नाही ते बघायला सांगितलंय. आजारी, अर्धवट झोप झालेल्या, अकराला मिसळ खाऊन झोपलेल्या माणसाला हे लागू नाही. जुन्या काळी दिवे मालवून आठला निजणारे लोक चारला उठत. आपण त्यांचं उठणं तेवढं उचललं.

मुलगा दहावीला आहे. पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवतो, तर पुस्तकावर पेंगतो. ‘पहाटेचं पाठ केलेलं विसरत नाही’ ना?

पेंगतो म्हणून रागावू नका, त्याचं वयच तसं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं. रात्री अकराआधी झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही, यात आळस किंवा मस्ती नसते. शिवाय त्या वयात झोप ८ ते १० तास लागते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. पहाटे घर शांत असतं म्हणून अभ्यास होतो हा फायदा खरा, पण बारा ते चार एवढीच झोप घेऊन मिळवलेली शांतता काय कामाची? माझ्या पोराला मी साडेपाचच्या आत उठवत नाही. त्याच्या आत्याच्या मते मी त्याला लाडावून ठेवलंय.

निघताना काही खावं की थेट कॅन्टीनला?

भूक लागत नसेल तर बळेच खाऊ नका, पण नऊपर्यंत मशीनवर उभं राहायचं असेल तर पोटात काहीतरी असू द्या. केळं, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, चहाबरोबर अर्धी पोळी. कॅन्टीनमध्ये नुसते पोहे दोन प्लेट खाण्यापेक्षा एक प्लेट आणि एक उकडलेलं अंडं किंवा मटकीची उसळ बरी. अकराला पेंग कमी येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिल्या पाळीला ते कधी घ्यायचं हे डॉक्टरांना नीट विचारा. औषध पाचला आणि खाणं नऊला, असं झालं की साखर घसरते. आमच्याकडे एकजण लाइनवरच घामाघूम होऊन खाली बसला होता; सगळ्यांना वाटलं झोप झाली नसेल.

बसमध्ये झोपावं का?

खुशाल. फक्त २० मिनिटांच्या वर नको. त्यापुढे झोप गाढ होते आणि मग गेटवर उतरताना झापडीचा नवा हप्ता सुरू होतो. आम्हा भोसरीवाल्यांची खूण ठरलेली आहे: मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल आला की उठायचं. खिडकी थोडी उघडायची, बाटलीतलं पाणी प्यायचं, शेजारच्याला ढोसायचं. तिथून कंपनीपर्यंत डोकं ठिकाणावर यायला वेळ मिळतो.

रविवारी दहापर्यंत झोपून आठवड्याची कसर काढतो. बरोबर ना?

सोमवारी विचारा. रविवारी दहाला उठलात की रात्री बाराच्या आत झोप येणार नाही आणि सोमवारी गजर साडेचारलाच. विमानाने दोन-तीन देश ओलांडून आल्यासारखं अंग होतं ते, तिकीट न काढता. रविवारी तासभर जास्त झोपा, फार तर दीड. बाकीची कसर दुपारी मटण-भाकरीनंतर काढता येते, ती कुणाला चुकलीये?

नवऱ्याची पहिली पाळी आहे, पण चारला उठते मी. डबा, नाश्ता, पोरांची शाळा. हे सगळं माझ्यासाठी कुणी लिहिणार का?

हा प्रश्न बसमधल्या पोरांनी विचारलेला नाही. माझ्या बायकोने यातला पहिला मसुदा वाचून विचारला.

साडेचारचा गजर माझा, पण बारा वर्षं ती चारला उठत होती. दुपारी मी येऊन आडवा व्हायचो तेव्हा ती पोराला क्लासला सोडत असायची. वर लिहिलेलं उजेडाचं, चहाचं, लोहाचं सगळं तिलाही लागू, फक्त तिच्या वेळापत्रकात दुपारची डुलकी कुणी धरलेलीच नव्हती. आता आमच्यात असं ठरलंय की कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, भाजी रात्रीच चिरून ठेवायची (चिरतो मी), आणि आठवड्यातून दोन दिवस मी कॅन्टीनचं जेवतो. त्या दोन दिवशी ती सहाला उठते. कॅन्टीनची डाळ पातळ असते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

वेळेवर झोपतो, उजेड, पाणी, चालणं सगळं करतो. महिना झाला, तरी सकाळी अंग मोडून येतं.

मग सवयींच्या मागे लागू नका, डॉक्टरकडे जा. जोरात घोरणं, मधेच श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येणं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं दुखणं असं असेल तर ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते आणि आठ तास पडूनही झोप होत नाही. घोरणारा स्वतः ऐकत नाही, म्हणून घरच्यांना विचारा. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर बघून घ्यायला सांगतील. रात्री सर्दीची किंवा खाजेची गोळी घेत असाल तर तेही सांगा, त्यातल्या कित्येक गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते. आणि झोप होऊनही उठावंसंच वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही सांगायला लाजू नका. आमच्या लाइनवरचा एक चांगला फिटर सहा महिने सगळ्यांच्या लेखी ‘आळशी’ होता.

बस चुकली की बाईक काढतो आणि वीस मिनिटांत पोचतो. चालतं ना?

पहाटे दोन ते सहा हा झोपेचा जोर सगळ्यात जास्त असण्याचा काळ. त्यात झोप अपुरी, अंगात झापड आणि उशीर झाल्याची घाई. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात असं प्रयोगात दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पोलीस तोंडाचा वास घेतो, झोपेचा वास येत नाही.

हेल्मेटची काच उघडी ठेवणं, मोठ्याने गाणी म्हणणं, मांडीला चिमटे काढणं हे सगळं करून झालंय. काही उपयोग नाही. जांभया थांबत नसतील, आत्ताच ओलांडलेला चौक आठवत नसेल, गाडी आपोआप पांढऱ्या पट्टीकडे जात असेल, तर थांबा. टपरीवर चहा घ्या आणि तिथेच बाकावर १५ मिनिटं डोळे मिटा. चहा भिनेपर्यंत डुलकीही होते.

दुसऱ्या पाळीत जादा थांबून रात्री एकला घरी आलो होतो आणि सकाळी पहिलीला बोलावलं होतं. बस चुकली, बाईक काढली. चिंबळी फाट्याच्या अलीकडे मी डोळे मिटले असतील ते दोन सेकंद, आणि उघडले तेव्हा गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर होती. ढीग वाळूचा असता तर कमी लागलं असतं, ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो. मनगटात अजून स्क्रू आहे. अर्ध्या दिवसाचा पगार वाचवायला निघालो होतो, ४२ दिवस घरी बसलो.